टपाल कार्यालयाच्या भाडेकरारात भाडेकरू ‘भारताचे राष्ट्रपती’ कसे?

प्रश्न (घरमालक, आर्वी तालुका):
आमच्या घराच्या दर्शनी दोन खोल्या टपाल कार्यालयाला भाड्याने दिल्या आहेत. तूर सोंगण्याच्या धांदलीत मी करारावर सही करून मोकळा झालो होतो. परवा पुतण्याने तो वाचून दाखवला, तेव्हा भाडेकरूच्या जागी ‘भारताचे राष्ट्रपती’ असे निघाले आणि खाली सही मात्र डाक अधीक्षकांची. सारा कारभार राष्ट्रपतींच्या नावे चालत असेल, तर लोक त्यांना नामधारी का म्हणतात? आणि उद्या भाडे थकलेच, तर दावा कोणावर लावायचा?

उत्तर (वकील, वर्धा):
भाऊ, करारात चूक नाही. संविधानाच्या कलम ५३ नुसार संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या ठायी आहे आणि तो त्यांनी स्वतः किंवा हाताखालच्या अधिकाऱ्यांमार्फत वापरायचा असतो. म्हणूनच कलम २९९ प्रमाणे केंद्राचे करार त्यांच्या नावे होतात व त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी सही करतो. त्याच कलमाच्या दुसऱ्या खंडाने राष्ट्रपती आणि सही करणारा अधिकारी या दोघांनाही वैयक्तिक जबाबदारीतून मुक्त ठेवले आहे. दावा कलम ३०० प्रमाणे ‘भारतीय संघराज्य’ या नावाने लागतो, आणि त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

उत्तर (निवृत्त शिक्षक, पुलगाव):
नामधारी का, याचे उत्तर कलम ७४ मध्ये आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट लिहिले गेले; १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली, मात्र फेरविचारानंतर आलेला सल्ला मानावाच लागतो. विधेयकांचेही तसेच आहे. लाभाच्या पदाविषयीचे विधेयक कलाम यांनी २००६ मध्ये परत पाठवले, संसदेने ते पुन्हा संमत केले आणि मग त्यांनी सही केली. तरीही ‘नामधारी’ हा शब्द मला अपुरा वाटतो. कलम १११ मध्ये संमतीसाठी मुदतच घातलेली नाही आणि त्याच फटीतून ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ चे टपाल दुरुस्ती विधेयक, ज्यात लोकांची पत्रे अडवण्याची तरतूद होती, संमतीही न देता आणि परतही न पाठवता तसेच ठेवले. विधेयक नेमके टपालाचेच होते, हा योगायोग तुमच्या खोल्यांना शोभणारा!

घरमालक:
आभारी आहे. म्हणजे भाडेवाढीचा अर्ज अधीक्षकांकडेच द्यावा ना?

वकील:
त्यांच्याकडेच द्या. मात्र आधी करारातील मुदत व भाडेवाढीचे कलम पाहून घ्या.