लाकडी फरशीवर चिकटपट्टीचा गोंद राहिलाय, पॉलिश न बिघडवता कसा काढावा?

उंबरठा:
गालिचा सरकू नये म्हणून खाली दुतर्फी चिकटपट्टी लावली होती. आता गालिचा उचलल्यावर पट्टी निघाली, पण तिचा गोंद फरशीवरच राहिला. काही ठिकाणी चिवट, काही ठिकाणी सुकून कडक झालेला, आणि त्यात गालिच्याच्या पाठीचे रबराचे कण रुतलेले. लाकूड खरं आहे, वर पारदर्शक चकचकीत कोट आहे, पण कशाचा ते माहीत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने काही झालं नाही. थिनर चालेल का?

रंधा:
थिनर नको. त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोनसारखे जोरकस द्रावक असतात. गोंदाबरोबर कोटही मऊ होईल आणि पुसताना चरे पडतील.

आधी कोट ओळखा. कपाटाखालचा किंवा दारामागचा न दिसणारा कोपरा घ्या. कापसाच्या बोळ्याने तिथे थोडं स्पिरिट (अल्कोहोल) लावून मिनिटभर थांबा. जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश. दुसऱ्या जागी पांढऱ्या फडक्यावर मिनरल टर्पेंटाइन (ऑइल पेंट पातळ करायचं पेट्रोलियमचं द्रावक) घेऊन चोळा. फडक्यावर पिवळट-तपकिरी मेण आलं तर मेणाची फरशी. दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर बहुधा पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कृत्रिम कोट. त्याला मिनरल टर्पेंटाइन सहसा सोसतं. मेणाच्या फरशीवर गोंदासोबत मेणही निघतं, तेवढ्या भागावर ते नंतर पुन्हा लावावं लागेल. कोट लाखेचा निघाला तर या चाचणीनंतर त्यावर स्पिरिटचा थेंबही पडू देऊ नका.

पातळथर:
रंधा यांच्याशी सहमत, पण द्रावकाआधी उष्णता वापरून पाहा. हेअर ड्रायर मध्यम आचेवर, फरशीपासून 15-20 सेंमी वर, सतत फिरता ठेवा. अर्ध्या मिनिटाने हात लावून बघा. जागा कोमट हवी, हात ठेवता येणार नाही इतकी गरम नको. एका वेळी वीतभर पट्टाच घ्या, कारण गार झाला की गोंद पुन्हा धरतो. रंग काढायची हीट गन इथे नको, तिने कोटाला फोड येतात. वाफेचं यंत्रही नको, पाणी सांध्यांत शिरून फळ्यांच्या कडा उचलतात.

खरवडायला प्लास्टिकची पट्टी घ्या आणि तिचे कोपरे सँडपेपरने गोल करा. बहुतेक चरे कोपऱ्यानेच पडतात. पट्टी जवळजवळ आडवी धरून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने ढकला. पट्टीवर जमलेला गोंद दर वेळी पुसा, नाहीतर तोच पुढे लिंपला जातो.

उरलेल्या पातळ थराला मिनरल टर्पेंटाइन. ते फडक्यावर घ्या, फरशीवर ओतू नका. ओलं फडकं 3-4 मिनिटं गोंदावर ठेवा, मग पुसा. घाई करून जोर लावण्यापेक्षा हेच दोनदा करा. याने हलत नसेल तर गोंद बहुधा अ‍ॅक्रिलिक असेल, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागू पडतं. पण कोट पॉलियुरेथेनचा आहे याची खात्री झाली असेल तरच, आणि तेही आधी कोपऱ्यात तपासून, काही सेकंदांत पुसून काढायचं.

द्रावक लावलेल्या जागी ड्रायर चालवू नका, आग लागू शकते. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, फडकी बाहेर पसरून सुकवा.

उंबरठा:
खूप मदत झाली. स्पिरिटने कोपरा चिकट झाला नाही, टर्पेंटाइननेही काही आलं नाही, म्हणजे पॉलियुरेथेनच असावं. रबराच्या कणांना मेलामाइनचा पांढरा स्पंज चालेल का? आणि गोंद गेल्यावर तिथे पट्टा दिसत राहिला तर?

रंधा:
तो स्पंज म्हणजे अतिबारीक सँडपेपरच, चकाकी उडवतो. एकदा घासल्यावर तो डाग राहतो आणि मग लोक सगळी फरशी घासत बसतात. रबराचे कण गोंद मऊ झाला की त्याच्यासोबत येतात, वेगळं काही करू नका.

शेवटी पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. मग तिरप्या उजेडात पाहा. बोटाला चिकट लागत असेल तर गोंद बाकी आहे. गुळगुळीत पण निस्तेज असेल तर कोट घासला गेलाय. चकाकी सारखी आणि फक्त रंग वेगळा असेल, तर ती जागा झाकलेली असल्यामुळे तिला ऊन लागलं नाही एवढंच असू शकतं. काही महिन्यांत हा फरक कमी होतो. मात्र रबरातल्या रसायनांनी कोट पिवळा पडला असेल तर तो कशानेही पुसून जात नाही, घासून नवा कोटच द्यावा लागतो.

पातळथर:
नवा कोट द्यायची शक्यता असेल तर गोंद काढायला खोबरेल किंवा कुठलंही तेल वापरू नका. त्याचा अंश राहिला की नवा कोट धरत नाही, त्यात खळगे पडतात.