‘भाषा मूल्यमापन साक्षरता’ : अर्थ काय, आणि मराठीत म्हणायचं काय?

खडूफळा (जि. यवतमाळ)
परवाच्या शिक्षण परिषदेत फळ्यावर तीन शब्द सुटे सुटे लिहिले होते : भाषा मूल्यमापन साक्षरता. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे त्या आजीबाईंचा पेपर का?” त्यांना कसं हसायचं? ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरतेच्या सरकारी कार्यक्रमात प्रौढांची १५० गुणांची परीक्षा असते, तिचं नाव ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी’. शब्द तेच, फक्त मागेपुढे.

मूळ इंग्रजी ‘असेसमेंट लिटरसी’. १९९१ मध्ये रिक स्टिगिन्स या अमेरिकी अभ्यासकाने या नावाचा लेख लिहिला. पुढे भाषेच्या परीक्षांवर काम करणाऱ्यांनी त्याला ‘लँग्वेज’ जोडलं. अर्थ असा की चाचणी काय मोजते, काय मोजत नाही, आणि आलेल्या आकड्यावर किती विसंबायचं, हे शिक्षकाला कळणं. पालकालाही. सुटसुटीत शब्द सुचवा.

जुना मास्तर (जि. अमरावती)
आधी ते जोडून लिहा. सामासिक शब्द सुटे लिहायची खोड लागल्यापासून अर्थ वाऱ्यावर गेला आहे. ‘मूल्यमापन-साक्षरता’ लिहिलं की निदान साक्षरतेचं मूल्यमापन नव्हे, एवढं समजतं.

मूल्यमापन की मूल्यांकन, यावर वाद घालू नये. २०१० पासून ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ म्हणतोच आहोत, आणि आता चाचणी येते ती ‘नियतकालिक मूल्यांकन चाचणी’. दोन्ही चालतात. फरक आहे तो मापन आणि मूल्यमापन यांत. पोराने मिनिटाला ४२ शब्द वाचले, हे मापन. ते कुठे अडखळलं, अर्थ लागला का, आता काय करायचं, हे मूल्यमापन. ‘निपुण’ या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह. ६० सगळ्यांना पाठ आहे. ‘अर्थासह’ गळून पडलं.

‘साक्षरता’ मात्र मला खटकते. गावात साक्षर म्हणजे अंगठ्याऐवजी सही करणारा. अर्थात जलसाक्षरता, आर्थिक साक्षरता रुळलेच की.

खडूफळा
मापनावरून आठवलं. आमच्याकडे टॅबवर वाचन तपासणारं एक ॲप आहे. दुसरीतली एक पोरगी वाचत होती. पडद्यावर : ‘शाळेजवळ तळं आहे.’ ती वाचते : “शायेजवय तयं आहे.” दोन शब्द लाल. ॲपने पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा तेच, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा ती गप्पच झाली. मी टॅब बाजूला ठेवून विचारलं, तळ्यात काय होतं गं? “मासोया. अन् एक कासव.” सगळं बरोबर. तिच्यामागचा मुलगा ‘ळ’ लखलखीत म्हणतो, वाचतो घडघडा. त्याला पाच तारे. तळं कुठे होतं विचारलं तर आढ्याकडे पाहतो.

बी.एड.ला सप्रमाणता आणि विश्वसनीयता पाठ केल्या होत्या, त्या दिवशी समजल्या. ॲप विश्वसनीय आहे : दहादा वाचलं तर दहादा ‘शाया’ चूकच दाखवेल. पण सप्रमाण, म्हणजे जे मोजायचं तेच मोजणारं? वाचन मोजायला बसलं आणि मोजली वऱ्हाडी बोली.

पऱ्हाटी (शाळा व्यवस्थापन समितीवाला, जि. अकोला)
मॅडम, हे तर आमाले कापसानंच शिकवलं. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव, १२ पर्यंत कपात, त्याच्यावर गेला का गाडी वापस. मीटर कापसात खुपसते, आकडा येते. पन थे मशीन ओल सांगते, धागा नाही सांगत. धाग्याची लांबी पाहाले ग्रेडर बोटानं कापूस ओढून पाह्यते. हे ज्याले माहीत, तो दहिवरात वेचत नाही, अन् मीटरनं ओल जास्त सांगतली म्हनून आपला धागा हलका समजत नाही. आमी त्याले पारख म्हनतो. तुमच्या ॲपचंबी तसंच. मीटर कायचं आहे, थे पह्यले इचारा.

जुना मास्तर
वा! गंमत पाहा, ‘पारख’ हे ‘परीक्षा’चंच लेकरू आहे. संस्कृत परीक्षा, प्राकृतात परिक्खा, तिथून पारख. परि म्हणजे सगळीकडून, ईक्ष् म्हणजे पाहणं. हाच शब्द हिंदीत ‘परख’, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या मूल्यमापन केंद्राचं नावही तेच आहे. माझं मत : बोलताना ‘परीक्षेची पारख’. शब्द एकच, दोनदा आला, पण दुसऱ्या वेळी मुरून आला.

पाटीपेन्सिल (जि. वर्धा)
‘पारख’ कानाला गोड आहे, कबूल. पण पारख ‘असते’ किंवा ‘नसते’ असं आपण म्हणतो. साक्षर माणूस ‘होतो’. प्रशिक्षणाचं नाव ‘पारख’ ठेवलं की अर्धे मास्तर म्हणतील, आमच्यात नाही बुवा ते, आणि सुटतील. शिकता येणाऱ्या गोष्टीला ‘साक्षरता’ बरी.

जुना मास्तर
मुद्दा बिनतोड आहे. ‘जाण’ चालेल? जाण येते, वाढते, दुसऱ्याला देता येते. ‘भाषा-मूल्यमापनाची जाण’.

पऱ्हाटी
मले पारखच आवडली.

खडूफळा
अहवालात ‘मूल्यमापन-साक्षरता’ लिहिते, जोडून. पालकसभेत ‘परीक्षेची जाण’ म्हणेन. त्या पोरीपुढे ‘ळ चा य होतो, अर्थ पूर्ण लागतो’ असं भरायला गेले, तर ऑनलाइन फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकानाच नाही. वहीत लिहून ठेवलंय.