मातीच्या लहान पूरनियंत्रण बांधाला भेगा आणि पाइपावर खळगा: पावसाआधी काय करावे?

प्रश्न: डोंगरपायथा_भांडुप
आमच्या संकुलाच्या वरच्या अंगाला डोंगराचे पाणी थोपवण्यासाठी मातीचा बांध आहे. उंची ६ मीटर, लांबी साधारण ८० मीटर. आठ महिने कोरडा असतो. मोठा पाऊस झाला की भरतो आणि तळातल्या ६०० मिमी ह्यूम (सिमेंट काँक्रीटच्या) पाइपातून रिकामा होतो. उजव्या टोकाला दगडी सांडवा आहे, खाली लगेच वस्ती. गेल्या पावसात पाइपाच्या तोंडाशेजारी ओल धरली होती. आता पाइपाच्या बरोबर वर, खालच्या उतारावर, घमेल्याएवढा खळगा पडलाय. माथ्यावर आडव्या भेगा आहेत, उतारावर पिंपळ आणि सुबाभूळ. कंत्राटदार म्हणतो, भेगांत सिमेंट ग्राउट भरू आणि खालच्या उताराला प्लास्टर करू. हे बरोबर आहे का? मे अर्धा संपलाय.

उत्तर: मुरूम_आणि_काळी
प्लास्टर अजिबात करू देऊ नका. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरणारच. ते खालच्या बाजूने मोकळे निघायला हवे. ती बाजू बंद केली की आतली पाण्याची पातळी चढते, माती फुगते आणि उतार घसरतो.

तुमच्या यादीत सर्वांत गंभीर गोष्ट तो खळगा आहे. गोल पाइपाच्या पोटाखाली धुम्मस पोचत नाही, त्यामुळे तिथली माती सैल राहते. बांध दबला की पाइपाचे सांधे उघडतात. मग पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढते, किंवा सांध्यातून माती कणाकणाने आत ओढली जाते. वर खळगा दिसतो तेव्हा आत पोकळी तयार झालेली असते. वरून माती टाकून तो बुजवू नका, खूण नाहीशी होईल.

आधी पाइपात कॅमेरा सोडून सांधे तपासा. माणूस आत पाठवू नका. जागा अरुंद असते आणि विषारी वायूचा धोका असतो. सांधे उघडे असतील तर आत एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप सरकवून दोन पाइपांमधली फट सिमेंटच्या घोळाने भरतात. ग्राउटची योग्य जागा ती. मात्र पाइपाचा व्यास घटला की बांध जास्त वेळा आणि जास्त उंच भरतो, म्हणून सांडव्याचे गणित पुन्हा करून घ्या.

खालच्या टोकाला पाइपाभोवती धुतलेल्या जाड रेतीची गाळणी बसवणे हा कायमचा उपाय. त्यासाठी बांध उकरावा लागतो, आणि उकरलेला बांध पावसात सापडला तर संपलेच. ते काम नोव्हेंबरात, माती-पाया जाणणाऱ्या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे करा. आत्ता ओल धरलेल्या जागेवर १५ सेंमी धुतलेली जाड रेती, तिच्यावर १५ सेंमी बारीक खडी आणि वर दगड, याच क्रमाने घाला. पाणी निघेल, माती अडेल. भुकटी असलेली क्रश सँड वापरू नका, ती चोंदते.

उत्तर: गाभा
आडव्या म्हणजे नाल्याच्या दिशेने, माथा ओलांडून जाणाऱ्या भेगा असतील तर त्या बांधाच्या लांबीबरोबर जाणाऱ्या भेगांपेक्षा जास्त घातक. पाणी चढले की तीच त्याची आरपार वाट. कोरड्या राहणाऱ्या बांधात काळ्या मातीचा गाभा (पाणी अडवणारा मधला भाग) उन्हाने आकसतो, म्हणून वर्षात बांध पहिल्यांदा पाण्याने भरतो तीच खरी परीक्षा असते.

भेगेत चुन्याचे पाणी ओता, म्हणजे खोदताना भेग किती खोल गेली ते पांढऱ्या रेघेवरून कळेल. तिच्या तळाखाली आणखी ३० सेंमी चर घ्या, गाभ्यासारखीच माती १५ सेंमीच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर धुमसा. मुठीत दाबलेला गोळा टिकला, हाताला पाणी लागले नाही, तर ओलावा ठीक. वर मुरमाचा थर द्या, गाभा पुन्हा सुकणार नाही. भेग खूप खोल गेली असेल तर खोदणे थांबवून अभियंत्याला दाखवा.

उत्तर: सांडवा_मोकळा
झाडे: आत्ता मुळे उपटू नका. बुंधा कापा, खोड-मुळे नोव्हेंबरात काढून खड्डा थराथराने भरा. मुळे लगेच कुजत नाहीत, पण काही वर्षांनी त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. कापण्याआधी पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, अर्ज आजच द्या.

मुंबईत पाइपाच्या तोंडाशी प्लास्टिक आणि पाला हीच मोठी डोकेदुखी. सपाट जाळी एका सरीत बुजते. पुढे तिरकी, पाइपाच्या तोंडापेक्षा बरीच मोठी जाळी लावा. सांडव्यावर फळी, पोती, कुंपण काही नको. माथा पाणपातळीच्या नळीने टोकापासून टोकापर्यंत तपासा. मध्ये दबलेला असेल तर पाणी सांडव्याऐवजी तिथून ओसंडेल, आणि माथ्यावरून वाहणारे पाणी मातीचा बांध काही तासांत कापून नेते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. सांडव्याचा हिशेब तो आकडा समोर ठेवून करून घ्या.

डोंगरपायथा_भांडुप
प्लास्टर रद्द केले. पावसात नेमके काय बघायचे? आणि सरकारी तपासणी होते का?

उत्तर: मुरूम_आणि_काळी
धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. तुमचा ६ मीटरचा बांध त्यात येत नाही, म्हणून जबाबदारी मालकाची. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तक्रार लेखी द्या, फोटो आणि तारखेसह.

पावसात पाझराचे पाणी काचेच्या बाटलीत घ्या. नितळ आणि पाणीपातळीबरोबर कमी-जास्त होणारे असेल तर फक्त नोंद ठेवा. १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहा, शेजारी बांधातली पातळी. पातळी तीच असताना पाझर वाढला किंवा पाणी गढूळ झाले तर आत माती वाहते आहे. तेव्हा पालिकेच्या १९१६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवा, खालची वस्ती लगेच हलवा. झरा उसळत असेल आणि पोचणे सुरक्षित असेल, तरच त्याभोवती रेतीच्या पोत्यांचे कडे करून आत गाळणीचे थर घाला. तोंड मातीने किंवा सिमेंटने दाबू नका; पाणी शेजारून फुटेल. त्यासाठी एक ब्रास (१०० घनफूट) धुतलेली रेती, एक ब्रास खडी आणि दोनशे रिकामी पोती जूनच्या पहिल्या आठवड्याआधी बांधाजवळ, ताडपत्रीखाली ठेवा. रात्री ट्रक तिथपर्यंत चढेलच असे नाही.