मदत हवी आहे : सरावात पास देणारी मुले सामन्यात नुसता चेंडू उडवतात

उजवी_बगल

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका क्लबच्या युवा अकादमीत मुलांना फुटबॉल शिकवतो. सरावात आमची मुले उत्तम खेळतात. जमिनीलगत छोटे पास, पास दिल्यावर मोकळ्या जागेत धावणे, दोन स्पर्शांत चेंडू पुढे देणे, हे सर्व त्यांना येते आणि बघायला येणारेही तसेच म्हणतात. सामना सुरू झाला की मात्र काही मिनिटांतच सगळे विसरले जाते. बचावपटूच्या पायाशी चेंडू आला रे आला की तो मान खाली घालून पुढे उडवतो, तेवढ्याच वेगाने चेंडू परत येतो, आणि पूर्ण वेळ हाच प्रकार चालतो. येत्या शनिवारी सामना आहे आणि कार्यकारिणीतील मंडळी मला विचारू लागली आहेत की रोज सकाळी तुम्ही नेमके शिकवता तरी काय. कृपया एखादा खात्रीचा ड्रिल सुचवावा. तत्त्वज्ञान नको, वेळ कमी आहे.

पंचाची_शिटी

ड्रिल सुचवण्याआधी मुलांचे वय, एका बाजूला किती खेळाडू, चेंडू कितव्या नंबरचा आणि मैदान कसले, एवढे कळायला हवे. यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही.

उजवी_बगल

13 वर्षांखालील गट. अकरा-अकरा. चेंडू आणि मैदान नेहमीचेच. ड्रिल?

डावा_विंगर

रोंदो. दुसरे काहीही नको. आठ मीटरचा चौकोन आखा, चार मुले कडेला आणि एक मध्ये, बाहेरच्यांना दोनच स्पर्श, ज्याचा पास अडला तो मध्ये. बार्सिलोनाच्या अकादमीत लहानांपासून थोरांपर्यंत सगळे हे करतात, आणि योहान क्रायफ तिथे प्रशिक्षक असल्यापासून ती त्यांच्या सरावाची ओळखच झाली आहे. मी माझ्या मुलांकडून वर्षभर सरावाच्या सुरुवातीला हेच करून घेतले. त्यांचा पहिला स्पर्श आज पाहण्यासारखा आहे. चार-एक जमू लागले की चार-दोन करा, चौकोन लहान करा, मुले आपोआप डोके वर काढू लागतील.

निवृत्त_गोलरक्षक

रोंदोला माझा विरोध नाही, पण तो या प्रश्नाचे उत्तर नव्हे. रोंदोत दिशा नसते. पुढे गोल नाही, मागे गोल नाही, आणि पास चुकला तरी गोल होण्याची भीती नाही. प्रश्नकर्त्यांची मुले चुकतात ती नेमकी आपल्या गोलसमोर, जिथे चूक झाली तर सगळ्यांसमोर गोल बसतो. तो दाब सरावात आणल्याशिवाय मुलाला त्याची सवय होणार नाही.

माझ्या मते सुरुवात गोलकिकपासून, म्हणजे आपल्याच गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकपासून करावी. 2019 मध्ये नियम बदलला. गोलकिक मारल्यावर चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची आता वाट पाहावी लागत नाही, तो स्पष्टपणे हलला की खेळात येतो. त्यामुळे आपला बचावपटू क्षेत्राच्या आत उभा राहून पास घेऊ शकतो, तर प्रतिस्पर्ध्यांना तोवर बाहेरच थांबावे लागते. एवढा फायदा नियमानेच पदरात टाकलेला असताना बहुतेक गोलरक्षक अजूनही मध्यरेषेकडे चेंडू भिरकावतात, कारण त्यांना दुसरे काही दाखवलेलेच नसते.

डावा_विंगर

साहेब, ज्याला पाच मीटरवरचा पास नीट थांबवता येत नाही, त्याला गोलसमोर गोलकिक घ्यायला लावणे म्हणजे गोल दान करणे. आधी पाय, मग डोके.

निवृत्त_गोलरक्षक

प्रश्नात लिहिले आहे की मुलांना पास देता येतात. पाय आहेतच. आपण प्रश्न पुन्हा एकदा वाचावा ही विनंती.

रीडिंगकर

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझा मुलगा इथल्या एका क्लबच्या लहान गटात खेळतो, त्यामुळे तुलना मनात आली. इथे 12 वर्षांखालील गटापर्यंत अकरा-अकरांचा सामनाच नसतो. कमी खेळाडूंपासून वाढत जाणाऱ्या पायऱ्या असतात, आणि त्यांच्याबरोबर मैदान व गोलही वाढत जातात. जर्मनीच्या संघटनेने तर 2024-25 च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांना दोन-दोन, तीन-तीन जणांत आणि चार छोट्या गोलांवर खेळणे बंधनकारक केले. सात जणांच्या खेळात दर थोड्या वेळाने चेंडू पायाशी येतो. अकरांत कडेचा मुलगा बराच वेळ नुसता उभा असतो, आणि अखेर चेंडू मिळाला की घाबरून तो दूर करतो. भारतीय महासंघानेही 2018 मध्ये लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीग याच विचाराने सुरू केली होती. आपल्या मुलांनी यापूर्वी कोणत्या आकाराचे सामने खेळले आहेत?

जुना_पेठकर

सर्वांचे लिखाण वाचले. मी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांच्या लढती उभ्या गर्दीत पाहिलेला माणूस आहे. तिथे बचावपटूने गोलसमोर पासिंग सुरू केले असते तर गॅलरीने त्याला घरी जाऊ दिले नसते. लांब चेंडू, त्यावर झेप, उसळून सुटलेल्या चेंडूसाठी झुंज, हा कोल्हापूरचा खेळ आहे आणि त्यावरच पेठा उभ्या राहिल्या. मुलांना जिंकायला शिकवा, जिंकू लागली की आत्मविश्वास येतो. जर्मनीचे मैदान जर्मनीत राहू द्यावे.

निवृत्त_गोलरक्षक

त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. निव्वळ झुंजीवर त्या पातळीपर्यंत जाता येत नाही. शिवाय गॅलरीचा राग आणि बारा वर्षांच्या मुलाचे शिक्षण यांत काही फरक असावा की नाही?

जुना_पेठकर

अनिकेतचे नाव घेऊन मलाच कोल्हापूर शिकवू नका. तो आमचाच आहे.

परवानाधारक

मूळ अडचण प्रशिक्षणाच्या दर्जाची दिसते. प्रशिक्षकांच्या परवान्यांच्या शिडीत डी, सी, बी, ए आणि प्रो या पायऱ्या आहेत. डी परवान्याचा अभ्यासक्रम नवोदितांसाठी अतिशय उपयुक्त आहे आणि त्यात लहान मुलांच्या सरावाची आखणी शिकवतात. प्रश्नकर्त्यांनी तो लवकरात लवकर करावा. मी केला, मला फार फायदा झाला.

उजवी_बगल

डी परवाना माझ्याकडे आहे, सी साठी प्रयत्न चालू आहे, आणि प्रश्न तो नव्हता.

सर्वांच्या माहितीसाठी लिहितो. सव्वीस मुले आणि मी एकटा. सराव सकाळी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर होतो, क्लबने ठरावीक वेळ भाड्याने घेतली आहे. तिथे पाच-पाच किंवा सहा-सहा जणांत खेळतो. सामने मातीच्या मोठ्या मैदानावर होतात, पाच नंबरच्या चेंडूने. सगळीकडे असेच असते म्हणून आधी लिहिले नव्हते.

पंचाची_शिटी

हीच माहिती मी सुरुवातीलाच मागितली होती. तुमचा प्रश्न खरे तर इथेच सुटू लागतो.

टर्फवर चारी बाजूंनी जाळी असते. चुकलेला पास जाळीला लागून परत पायाशी येतो, म्हणजे चूक झाल्याचे मुलाला कळतच नाही. चेंडू सरळ, ठरलेल्या वेगाने घरंगळतो, आणि साथीदार आठ-दहा मीटरवर असतो. मातीच्या मैदानावर तोच पास निम्म्या वाटेत मंदावतो, खड्ड्यातून उसळून गुडघ्यावर येतो, आणि साथीदार वीस मीटरवर असतो. ज्या मुलाने आयुष्यात दहा मीटरच्या पुढे पास दिलेला नाही, त्याच्या मनात त्या क्षणी दोनच पर्याय उरतात : इथल्या इथे टोचून देणे किंवा उडवणे. इथे टोचून दिला तर अंगावर येतो, म्हणून तो उडवतो. तुमची मुले विसरत नाहीत. त्यांनी हा खेळ या मैदानावर कधी शिकलेलाच नाही.

चेंडूचेही पाहा. पाच नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा, चार नंबरचा 350 ते 390 ग्रॅमचा. बारा वर्षांच्या किरकोळ मुलाला पावसाने जड झालेल्या मातीत पाच नंबरचा चेंडू पंचवीस मीटर जमिनीलगत ढकलायला सांगणे हे बऱ्याचदा त्याच्या मांडीच्या ताकदीबाहेरचे असते, आणि उंच मारणे त्यामानाने सोपे जाते.

डावा_विंगर

हे पटले. टर्फ आणि मातीचा फरक आधी कळता तर मीही चौकोन आठऐवजी पंधरा मीटरचा सांगितला असता. रोंदो मात्र सोडू नये, असे अजूनही म्हणतो.

निवृत्त_गोलरक्षक

आता ड्रिल देतो, कारण आता कशासाठी द्यायचे ते कळले.

आठवड्यातून निदान एक सराव मातीवर घ्या, मैदानाचा अर्धाच भाग मिळाला तरी चालेल. आखलेल्या पेनल्टी क्षेत्रात गोलरक्षक आणि चार बचावपटू, त्यांच्यावर तीन जण दाब देणारे, आणि मध्यरेषेवर कोन (खुणेचे शंकू) ठेवून केलेले दोन छोटे गोल. प्रत्येक खेळी गोलकिकने सुरू होईल. बचाव करणाऱ्यांनी चेंडू कोनांमधून जमिनीलगत बाहेर काढला तर एक गुण; दाब देणाऱ्यांनी चेंडू हिसकावून मोठ्या गोलात टाकला तर त्यांना एक गुण. उंच चेंडूवर बंदी घालू नका, कारण तिघेही अंगावर आले आणि मागे मोकळे मैदान असेल तर लांब चेंडू हाच शहाणा निर्णय असतो. फक्त तो बघून मारलेला असावा. बंदी घातली की मुले तुमच्यासाठी खेळू लागतात, खेळासाठी नाही.

या खेळात दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. पास येण्यापूर्वी मुलगा खांद्यावरून मागे पाहतो का, आणि चेंडू घेताना तो मैदानाकडे अर्धा वळलेला असतो की पाठ करून उभा असतो. पाठ करून घेतलेला चेंडू बहुधा उडवलाच जातो, कारण पुढे काय आहे हे त्याला ठाऊकच नसते. सव्वीस मुलांना हे एकदम जमणार नाही, म्हणून दोन गट करून एकाला रोंदो द्या. डावा_विंगर यांचेही समाधान होईल.

रीडिंगकर

टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, काय ओरडले जाते, हेही सांगावे.

उजवी_बगल

जे सगळीकडे ओरडले जाते तेच. “मार की! पुढं मार!” पालक, कार्यकारिणीतील दोघे-तिघे आणि पेठेतली मोठी मुले. मी एकटा दुसरे सांगत असतो आणि मुलांना माझा आवाज ऐकूच जात नाही.

आणखी एक कारण आहे. आमचा पुढचा खेळाडू बाकीच्यांपेक्षा हातभर उंच आहे. त्याच्याकडे उडवलेला चेंडू तो डोक्याने घेतो आणि गोल होतो, म्हणून गेल्या हंगामात आम्ही बरेच सामने जिंकलो. सध्या त्याचा गुडघा समोरून दुखतो, वाटीच्या खाली. पट्टी बांधून खेळतो. शनिवारी तो हवाच आहे.

फिजिओ_मिरज

बाकीच्या चर्चेपेक्षा हे शेवटचे दोन ओळींतले वाक्य मला महत्त्वाचे वाटते. झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलांमध्ये गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, जिथे मांडीच्या स्नायूची शीर हाडाला जोडलेली असते, तिथे दुखणे व टेंगूळ येणे बऱ्याचदा आढळते. त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. त्या वयात तिथले हाड पक्के झालेले नसते आणि धावणे, उड्या मारणे व चेंडू जोरात मारणे यांमुळे त्यावर सतत ओढ बसते. टाचेतही असाच प्रकार होतो. हे बहुतेकदा वाढ पूर्ण झाल्यावर थांबते, पण तोवर भार कमी करावा लागतो. पट्टी बांधून दुखणे दाबणे हा उपाय नव्हे. हेच आहे असे मी इथून सांगू शकत नाही. एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि लंगडणे, सूज, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तर शनिवारची वाट पाहू नये.

डोक्याने खेळण्याबद्दलही थोडे. इंग्लंडच्या संघटनेने फेब्रुवारी 2020 मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकण्याची मार्गदर्शक सूचना दिली आणि त्यापुढील वयोगटांतही ते अगदी मोजके ठेवले. पाच नंबरचा ओला चेंडू एकाच मुलाच्या डोक्यावर सामनाभर पडत राहणे मला तरी योग्य वाटत नाही.

निवृत्त_गोलरक्षक

त्यात त्या मुलाचेही नुकसान आहे. आज तो लवकर वाढल्यामुळे उंच आहे. दोन-तीन वर्षांत बाकीचे त्याला गाठतील, तेव्हा त्याच्याजवळ उंचीशिवाय काही नसेल तर संघातली जागा जाईल. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला यांत जवळपास वर्षाचे अंतर असते, आणि या वयात वर्ष म्हणजे फार. त्याला बरा झाल्यावर काही सामने मधल्या फळीत खेळवून पाहा.

जुना_पेठकर

उंच मुलगा मधल्या फळीत? शनिवारी गोल कोण करणार?

उजवी_बगल

तो शनिवारी बसेल. त्याच्या वडिलांशी बोललो आहे, ते उद्या त्याला डॉक्टरांकडे नेत आहेत. गुरुवारचा सराव मातीवर घेण्यासाठी मैदानाचा अर्धा भाग मिळाला आहे, त्यात वर सांगितलेली गोलकिकची खेळी घेईन. पालकांना सामन्याआधी सांगणार आहे की गोल झाल्यावर हवा तेवढा जल्लोष करावा, चेंडू आपल्या बचावपटूच्या पायाशी असताना मात्र काहीही ओरडू नये. कार्यकारिणीला हे सांगायला माझ्यापेक्षा कोणी वडीलधारे लागेल. चार नंबरचा चेंडू शनिवारी मागता येईल का, हे कोणी सांगेल का?

पंचाची_शिटी

मागता येतो, पण पंचाकडे नाही. युवा गटांसाठी मैदानाचा आकार, गोलाची मापे, चेंडूचा आकार व वजन आणि सामन्याची वेळ यांत बदल करण्याची मुभा खेळाच्या नियमांतच राष्ट्रीय संघटनांना दिलेली आहे. स्पर्धेच्या नियमावलीत पाच नंबर लिहिला असेल तर मैदानावर आयत्या वेळी तो बदलण्याचा अधिकार पंचाला नसतो. नियमावली मागवून वाचा. त्यात चेंडूचा उल्लेख नसेल तर प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकांशी बोलून दोघांच्या सहीचा अर्ज शुक्रवारपूर्वी आयोजकांना द्या. त्यांचीही मुले बारा वर्षांचीच आहेत, नाही म्हणण्याचे कारण दिसत नाही.