बुडालेल्या किनाऱ्याच्या प्रेमकथेत राग का नाही?

दापोलीकर:
या पावसाळ्यात विज्ञानकथा आणि प्रेमकथा एकत्र गुंफणाऱ्या काही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचल्या. त्यांत हितोशी आशिनानो यांची ‘योकोहामा काइदाशी किको’ (१९९४–२००६, चौदा खंड) मला सर्वांत सरस वाटली. समुद्र चढून जपानचा किनारा बुडाला आहे, माणसे विरळ होत चालली आहेत आणि आल्फा नावाची यंत्रमानव तरुणी एका आडबाजूचा कॅफे सांभाळत, निघून गेलेल्या मालकाची वाट पाहते आहे. लहानपणी तिच्या मागे मागे फिरणारा ताकाहिरो मोठा होतो, इंजिनांच्या कामासाठी गाव सोडतो, संसाराला लागतो. आल्फाचे वय मात्र जिथल्या तिथे राहते. यातली विज्ञानकल्पना काढून घेतली तर प्रेमच उरत नाही, आणि या जातीच्या कथेची खरी कसोटी मी हीच मानतो. एका कबुलीसाठी खंडामागून खंड खर्ची घालणाऱ्या शालेय प्रेमकथा यापुढे मला तरी वाचवत नाहीत.

श्रीवर्धनची वाचक:
दापोलीकर, कसोटी मान्य, निकाल अमान्य. आख्खी शहरे पाण्याखाली गेली आणि चौदा खंडांत कोणी ‘हे का झाले’ म्हणून संतापून विचारीत नाही, हे मला पटतच नाही. वादळात आल्फाचा कॅफे मोडतो आणि ती प्रवासाला निघते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा उन्मळलेले माड आणि पोफळी वाडीतून बाहेर काढता काढताच आमचा तो पावसाळा सरला. नवी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, त्यामुळे ज्याचे उत्पन्न बुडाले त्याला सगळे तसेच टाकून प्रवासाला निघता येत नाही. त्यापेक्षा माकोतो युकिमुरा यांची ‘प्लॅनेटिस’ वाचा. अंतराळातला कचरा वेचणाऱ्या कामगारांची ही कथा आहे. त्यांतल्या युरीची पत्नी ज्या यानातून प्रवास करीत असते, त्यावर कचऱ्यातला एक स्क्रू आदळतो आणि ती जाते. तिथे नुकसानीला कारण आहे, आणि ते कारण माणसाने केलेले आहे.

मालवणी वाचक:
नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेला मराठी वाचक कारण मागणारच, त्यामुळे ताईंचा आग्रह मला समजतो. पण ‘प्लॅनेटिस’मधली प्रेमकथा कच्ची आहे. तिची नायिका तानाबे ही हाडामांसाची मुलगी कमी आणि प्रेमाची महती सांगायला उभी केलेली प्रवक्ती जास्त वाटते.

दापोलीकर:
ताई, आल्फाच्या जगातली माणसे आपत्तीच्या दुसऱ्या दिवशी जगत नाहीत. पाणी चढून बराच काळ लोटला आहे. अंधार पडल्यावर बुडालेल्या गावाचे रस्त्यावरचे दिवे पाण्याखाली लागतात आणि लोक ते पाहायला जमतात, हे प्रकरण पुन्हा वाचा. गाव आठवणाऱ्यांनीच ते पाहावे, म्हणून लेखकाने ते दिवे जळते ठेवले आहेत, असे मी मानतो. शिवाय कोकोने ही दुसरी यंत्रकन्या मालकाचा निरोप आणते, तो ओठांना ओठ लावूनच पोचवायचा असतो, आणि त्यानंतर दोघींमध्ये जे जडते त्याला आशिनानो कुठेही नाव चिकटवत नाहीत. एवढा संयम मला अन्य प्रेमकथेत सापडलेला नाही.

श्रीवर्धनची वाचक:
दिव्यांचे प्रकरण सुंदर आहे, यात वाद नाही. पण आल्फाला काही गमावायचे ठरवावे लागत नाही. काळच तिच्या हातून सगळे काढून नेतो, आणि ती ते पाहत राहते. तानाबेला प्रवक्ती म्हणणाऱ्यांनी शेवट पाहावा: कथेचा नायक हाचिमाकी कित्येक वर्षांसाठी गुरू ग्रहाच्या मोहिमेवर जाणार हे ठाऊक असताना ती त्याच्याशी लग्न करते आणि त्याला जाऊ देते. ज्यांच्या घरची माणसे महिनोन्‌महिने जहाजावर असतात, अशा आमच्या खाडीकाठच्या बायकांना हा निर्णय परका वाटणार नाही, आणि माझे मत त्यांच्या बाजूने आहे.