अकरा वर्षांनी नोकरी शोधतेय, बायोडेटात काय लिहू?

प्रेषक: एक सभासद, एडिसन (न्यू जर्सी)

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या या ईमेल लिस्टवर भाड्याच्या बेसमेंटपासून दिवाळीच्या भाजणीपर्यंत सगळं विचारून झालंय, तर आज मीही विचारते. मी एम.कॉम. लग्नाआधी सांगलीत सीएंच्या ऑफिसात दोन वर्षं काढली. मग इकडे आले, दोन मुलं झाली, आणि अकरा वर्षं घरीच. एच-४ वाल्यांना (म्हणजे एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांना) २०१५ पासून ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, मिळायला लागलं खरं, पण त्यासाठी बहुतेकांना नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली याचिका) मंजूर व्हावी लागते. आमची झाली तेव्हा धाकटा रांगत होता. आता तो शाळेत जातो आणि माझं कार्डही हातात आलंय.

चाळीसेक अर्ज केले. उत्तरं दोनच. एक नकार. दुसरा फोन एका ट्रेनिंगवाल्यांचा: सहा आठवडे सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकवू, बायोडेटात इथला पाच वर्षांचा अनुभव आम्हीच घालू, पैसे नोकरी लागल्यावर द्या. सगळे असंच करतात म्हणे. खरंच करतात का? आणि ही अकरा वर्षं कागदावर कशी दाखवायची? गृहिणी लिहायचं की जागा कोरी सोडायची?

---

प्रेषक: पिस्काटवे

ताई, आमच्या कॉम्प्लेक्समधल्या दोघी अशाच लागल्या. पहिले तीन महिने रात्री नवरे काम करून द्यायचे, पुढे जमलं. एवढा विचार करत बसलात तर वयच निघून जाईल. पटतंय का बघा.

---

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार

पिस्काटवेकर, राग मानू नका, पण हा सल्ला विहिरीत ढकलणारा आहे.

ताई, जरा हिशेबी डोक्याने बघा. बायोडेटा म्हणणार की तुम्ही पाच वर्षं इथे नोकरी करताय. कार्ड म्हणणार की कामाची परवानगी परवा मिळाली. म्हणजे एक तर तुम्ही खोटं लिहिलंत, नाहीतर परवानगीशिवाय काम केलंत. उद्या ग्रीन कार्डाच्या आय-४८५ मध्ये मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहायच्या असतात. तिथे यातलं काय कबूल करणार? ट्रेनिंगवाला तेव्हा फोनसुद्धा उचलणार नाही.

आता दुसरं. तुम्ही स्वतःला रिकामं समजताय याचंच मला नवल वाटतं. चार वर्षं गणपतीचे हिशेब कुणी लिहिले? रोख, चेक, झेल (फोनवरून बँकेत पैसे पाठवायची सोय), कार्ड, चारही वाटांनी पैसे येतात आणि देणगीदार पावतीवर एक नाव सांगतो, झेलवर भलतंच. आपली वर्षाची जमा पन्नास हजार डॉलर्सच्या वर जाते, म्हणून आयआरएसकडे (इथल्या आयकर खात्याकडे) छोट्या मंडळांचं ९९०-एन विवरणपत्र चालत नाही, मोठं ९९०-ईझेड भरावं लागतं, तेही १५ मेच्या आत. सही माझी असायची, आकडे तुमचे. हिशेबात न जुळणारे ते ५४ डॉलर आठवतात? मी रात्री अकरापर्यंत खोकी उपसत होतो. तुम्ही म्हणालात, "काका, ५४ ला नवाने भाग जातो, कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत." १८२ ची भाजीची पावती १२८ लिहिली होती, आणि ती मीच लिहिली होती.

बिनपगारी होतं तर 'व्हॉलंटिअर' असं स्वच्छ लिहा. रेफरन्सला माझं नाव द्या.

---

प्रेषक: पार्सिपनी

काकांशी सहमत. मी नऊ वर्षांनी परतले, म्हणून दोन गोष्टी सांगते. लिंक्डइनवर २०२२ पासून 'करिअर ब्रेक' अशी वेगळी नोंद टाकता येते. तिथे एक ओळ पुरे: मुलांचं संगोपन, अमुक ते तमुक. माफीनामा नको. आणि जानेवारीत जमलं तर आयआरएसच्या व्हिटा उपक्रमात जा. तिथे कमी उत्पन्नवाल्यांचे टॅक्स फुकट भरून देतात. परीक्षा ऑनलाइन असते, पास झालात की खऱ्या माणसांसमोर बसायला मिळतं. माझं इंग्रजी तिथे सुटलं. बाकी, पगारातून आफ्टर-केअर (शाळेनंतर मुलांना सांभाळण्याचा खर्च) वजा करून बघा म्हणजे पुढे धक्का बसणार नाही. माझ्या पहिल्या वर्षात हातात जे उरलं ते सांगायचीही लाज वाटते.

---

प्रेषक: तीच सभासद, एडिसन (दोन महिन्यांनी)

मंडळी, लागली!

प्लंबिंगचं सामान विकणाऱ्या एका गोडाऊनच्या ऑफिसात, बिलं चुकती करायचं काम. आठवड्याला पंचवीस तास, तासाला एकवीस डॉलर. बायोडेटात वरच मंडळाचे हिशेब टाकले, सांगलीची दोन वर्षं खाली आणि मध्ये ती एक ओळ. त्या ओळीबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही.

मुलाखतीला कपाट उघडलं तर नुसते कुर्ते. ब्लेझर पार्सिपनीच्या ताईंचा, बाह्या बोटांवर येत होत्या, त्या आत दुमडल्या. समोर साठीच्या बाई होत्या, तिथल्या जुन्या बुककीपर. त्यांनी एका पुरवठादाराचं स्टेटमेंट आणि आपल्या वहीची प्रिंट पुढे सरकवली, फरक शोधा म्हणाल्या. फरक २७० चा. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "नव त्रिक सत्तावीस." मग १६३० आणि १३६० ची जोडी दिसायला किती वेळ लागणार? बाईंनी चष्मा काढून विचारलं, हे कुठे शिकलात? म्हटलं, सांगलीत. आणि घासून घेतलं गणेशोत्सवात, अकराशे पानांच्या हिशेबात. त्यांना 'पानं' म्हणजे काय ते समजावण्यातच पाच मिनिटं गेली.

ज्यांचं कार्ड यायचंय त्यांच्यासाठी: सोशल सिक्युरिटी नंबर २०१७ पासून आय-७६५ च्याच (ईएडीच्या) अर्जात मागता यायचा, वेगळा हेलपाटा पडायचा नाही; आता तसं चालतं का ते आधी बघून घ्या. आणि आय-९ ला (नोकरी लागताना कंपनी कामाची परवानगी तपासते तो फॉर्म) ईएडी कार्ड एकटं पुरतं.

काका, यंदाही गणपतीचे हिशेब मीच लिहीन, फक्त रविवारी. पावत्या मात्र तुम्ही लिहू नका.

आता एक अडचण. बुधवारी मुलांची शाळा लवकर सुटते आणि मी तीनपर्यंत कामावर. ओक ट्री रोडच्या बाजूचं कुणी दोन तास मुलांना बघेल का? पैसे देईनच, शिवाय महिन्यातून एकदा पुरणपोळ्या.