कडक स्प्रिंग की चांगले शॉकअप? स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन बदलताना

रानवारा
गेली दोन वर्षं माझ्याकडे २०१६ ची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे, जुनी घेतलेली. मुक्काम डेट्रॉइटच्या उपनगरात. हिवाळाभर गाडी गॅरेजात झाकून ठेवतो आणि एप्रिलमध्ये बाहेर काढतो, तोवर पाणी गोठून-वितळून रस्त्यांची चाळण झालेली असते. आता शॉकअप थकलेत, बदलायलाच हवेत. ज्याला विचारावं तो एकच सांगतो : कॉइलओव्हरचा (शॉकअपवरच चढवलेली, उंची बदलता येणारी स्प्रिंग) संच घे, गाडी इंचभर खाली बसव, स्प्रिंग कडक कर. मला हे पटत नाही.

माझं म्हणणं, स्प्रिंगला हात लावू नये. शॉकअप उत्तम घालावेत. चाक रस्त्याला टेकलेलं असेल तरच टायर काम करतो. खड्ड्याच्या कडेवरून चाक उडालं की त्या क्षणी पकड शून्य, आणि तोच दणका आपल्या कण्यालाही बसतो. म्हणजे खराब रस्त्यावर आराम आणि पकड यांचं भांडण नसतंच.

खरी किमया शॉकअपच्या आतल्या झडपांची. वळताना किंवा ब्रेक दाबताना गाडीचं अंग सावकाश कलतं, तेव्हा शॉकअपचा दांडा हळू सरकतो. खड्ड्याची कड लागली की तोच दांडा कित्येक पट वेगाने आत जातो. चांगला शॉकअप हळू हालचालीला भरपूर विरोध करतो आणि जोराच्या दणक्याला झडप उघडून तेलाला वाट देतो. कॉलिन चॅपमनच्या लोटस या ब्रिटिश कंपनीने १९६२ च्या एलान या स्पोर्ट्स कारमध्ये मऊ स्प्रिंग आणि नेमके जुळवलेले शॉकअप हाच मार्ग धरला होता. जेमतेम सातशे किलोची गाडी, पण वळणांचा विषय निघाला की आजही तिचं नाव येतं.

तिसरा गिअर
रानवारा, झडपांचं तुम्ही बरोबर लिहिलंत, निष्कर्ष मात्र चुकला. शॉकअप गाडी झुकण्याचा वेग कमी करतो, झुकणं कमी करत नाही. लांब वळणावर दोन सेकंद स्टिअरिंग धरून ठेवलं की दांडा थांबतो, शॉकअपचा विरोध संपतो, आणि मग गाडीला तोलून धरतात फक्त स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून झुकणं रोखणारी सळई). मी मिशिगनमधल्या साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर गाडी चालवतो. तिथे अशी वळणं आहेत.

दुसरं, टायर. तुम्ही आज ना उद्या चिकट टायर घालणारच. पकड वाढली की वळणातला जोर वाढतो आणि त्याच स्प्रिंगवर गाडी आणखी झुकते. बाहेरचा टायर मग तळव्याऐवजी कडेवर चालतो. मऊ स्प्रिंग असेल तर गाडी भर वळणात बंप स्टॉपवर (दांडा पूर्ण आत गेल्यावर त्याला अडवणाऱ्या ठोकळ्यावर) बसते, आणि तिथे चाकाचा ताठपणा एकदम वाढतो. पुढच्या चाकाला झालं तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ पाहते, मागच्याला झालं तर शेपूट सुटते. हे शंभराच्या वेगात होतं तेव्हा आरामाची आठवण येत नाही, खात्रीने सांगतो.

खिंड
तिसरा गिअर, तुमच्या ट्रॅकला मान आहे, पण त्याच ऐकीव गोष्टींवर पुण्यात माझे पैसे गेले, म्हणून कळकळीने लिहितोय. माझी हॅचबॅक आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे चाकाला खाली एक आर्म (जोडणारा दांडा) आणि वरून शॉकअपच धरतो. एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून फक्त स्प्रिंग बदलल्या आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली. शॉकअप मूळचेच ठेवले. पहिला आठवडा खुशीत गेला. मग ताम्हिणीत पहिल्या पावसात गेलो. उखडलेल्या वळणावर पुढचं चाक एका खड्ड्यात पडलं, खालून ठक्कन आवाज आला आणि गाडी हातभर बाहेर सरकली. शेजारी बायको होती. त्यानंतर महिनाभर ती त्या गाडीत बसली नाही, आणि मला तिचं म्हणणं मान्य होतं.

नंतर नीट समजून घेतलं. खाली आणल्यामुळे दणका पचवायला जी जागा लागते तीच मी कापली होती. शिवाय मॅकफर्सनमध्ये गाडी खाली आली की खालचे आर्म वर चढतात आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, गाडीच्या वजनाचा मध्य जितका खाली येतो त्याहूनही जास्त खाली जातो. त्या दोहोंतलं अंतर, म्हणजे झुकवणारी तरफ, उलट लांबते. म्हणजे कडक केलेल्या स्प्रिंगचा बराचसा ताठपणा ती तरफच खाऊन टाकते! शेवटी मूळ स्प्रिंग परत बसवल्या, झिजलेले बुश (सांध्यांतली रबरं) बदलले, चार चांगले टायर घातले, अलाइनमेंट करून घेतलं. आज ती गाडी घाटात पूर्वीपेक्षा चांगली वळते. रानवारा, तुम्ही बरोबर आहात.

तिसरा गिअर
खिंड, तुमच्यासोबत झालं ते वाईट झालं. पण ती चूक खाली आणण्याची आणि थकल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग बसवण्याची. मूळ शॉकअपला त्या स्प्रिंगची उसळी आवरता येत नाही, म्हणून चाक नाचतं. मी मूळ उंची ठेवून, जुळणाऱ्या शॉकअपसह कडक स्प्रिंग म्हणतोय. शिवाय एमएक्स-५ ला पुढे मॅकफर्सन नाही, डबल विशबोन (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म) आहे.

शेवंती
पिंपरीत शॉकअपच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम, म्हणून थोडं सविस्तर.

स्प्रिंग कडक की मऊ हा प्रश्न नुसत्या स्प्रिंगच्या आकड्यावर सुटत नाही. गाडीचं अंग एका सेकंदात किती वेळा वर-खाली होऊ पाहतं ते बघा. घरगुती गाड्या साधारण १ ते १.५ वेळा, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार १.५ ते २, त्यापुढे शर्यतीच्या. आणि स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी हा आकडा दुप्पट होत नाही, १.४ पटच होतो. म्हणून वीस-पंचवीस टक्के कडक स्प्रिंगला घाबरायचं कारण नाही. रानवारा, इथे तुमचा हट्ट मला पटत नाही. एमएक्स-५ जेमतेम १०६० किलोची, वजन पुढे-मागे निम्मं निम्मं. एवढ्या हलक्या गाडीला थोडी स्प्रिंग वाढवून उत्तम शॉकअप दिले तर कंबर मोडत नाही.

मोडते ती पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचं नातं बिघडलं की. मॉरिस ओली हे रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये कॅडिलॅकला गेलेले अभियंते. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागचं अंग थोडं चपळ असेल तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी सपाट राहते. उलटं केलं की ती मान हलवत चालते. एमएक्स-५ च्या पुढच्या-मागच्या चाकांत फक्त २३१० मिलिमीटर अंतर, तिला हे फार जाणवतं. तेव्हा संच घेताना पुढचा-मागचा आकडा वेगवेगळा विचारा, आणि स्प्रिंगचा नव्हे, चाकापाशी मोजलेला. मधल्या आर्मच्या तरफेमुळे चाकापाशी जोर बराच कमी पोचतो.

रानवारा
शेवंतीताई, ओलींचं हे मला ठाऊक नव्हतं. मनापासून आभार. वीस टक्क्यांबद्दल माझा हट्ट सोडतो.

तिसरा गिअर, लांब वळणाचा मुद्दाही मान्य. पण त्यावर उपाय स्प्रिंगच का? पुढचा अँटी-रोल बार जाड करेन. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार मध्ये येत नाही, म्हणजे महामार्गावरच्या काँक्रीटच्या सांध्यांवर आराम तसाच राहतो. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या जागेत शंकू मांडून, एकेक गाडीची वेळ मोजणारी शर्यत) स्ट्रीट वर्गाचा नियमही असाच आहे : स्प्रिंग मूळची, शॉकअप बदलायला मुभा, आणि एकच बार बदलायचा. तेवढ्यावर लोक जिंकतात.

तिसरा गिअर
जिंकतात, कारण सगळ्यांना तोच नियम. स्प्रिंग मोकळी असलेल्या वर्गात बघा, मूळची कोण ठेवतो? आणि बार फुकट नाही. तो डावं-उजवं चाक बांधतो. तुमच्याकडे खड्डे एका बाजूलाच असतात, तिथे एका चाकाचा दणका दुसऱ्याला जातो आणि गाडी डोकं हलवते.

शेवंती
हे बरोबर आहे. खड्ड्यांच्या रस्त्याला जाड बारपेक्षा थोडी कडक स्प्रिंग बरी, असं माझंही मत. रानवारा, पैसे खर्च करण्याआधी एक करा. शॉकअपच्या दांड्यावरचं धूळ अडवणारं रबर वर सरकवा, दांड्याला प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधा आणि फिरून या. पट्टी जिथपर्यंत ढकलली गेली तेवढा दांडा आत गेला. ती रोजच्या रस्त्यावरच बंप स्टॉपपाशी पोचत असेल तर तुमची मूळ स्प्रिंग तुम्हाला पुरत नाही. जागा शिल्लक असेल तर फक्त शॉकअप बदला.

रानवारा
चारही दांड्यांना पट्ट्या बांधल्यात. शनिवारी कामाचा रोजचा रस्ता, रविवारी गावाबाहेरची वळणं. दोन्हींच्या खुणा वेगळ्या मोजून इथेच लिहितो.

तिसरा गिअर
इंधन अर्धं भरून आणि शेजारी कुणाला बसवून मोजा, रोज जसे जाता तसं. आणि आकडे पुढचे-मागचे वेगळे द्या. माझं म्हणणं चुकीचं निघालं तर ते आकडेच सांगतील, मी वाद घालणार नाही.